मामाला पुढं कोणी पाठवलं?

माझा मेव्हणा सुनील माझ्या हातून मेला. तो सध्या घणसोलीला राहतो आणि त्याची तब्येत उत्तम आहे.

मेला तो माझ्या लेकीच्या, सईच्या, कॉम्प्युटर गेममध्ये. राजे, किल्ले, तलवारी असला गेम. त्यात साथीदार एकदा मेला की मेला. गेम लगेच आपोआप सेव्ह होतो. सईने साथीदारांना घरच्यांची नावं दिलेली. खेळणारा तो सरदार; बाकी आजी तिरंदाज, आई वैद्य, सुनीलमामा घोडेस्वार. (मी स्वयंपाकी. यावर मी काही बोललो नाही. मी बोलत नाही.) आठ महिने तिने एकालाही मरू दिलं नव्हतं. शेवटचा किल्ला तेवढा राहिला होता.

"पप्पा, अंघोळीला चालले. हात नका लावू हां!"

लावला. समोर पूल होता. गेमने विचारलं, आधी कोण जाणार? आम्ही साताऱ्याकडची माणसं. जावळ असो, साखरपुडा असो, पहिला मान मामाचा! मी मामाला पुढं धाडलं. पलीकडे चाळीस भालेवाले होते.

सई बाहेर आली. "मामा कुठंय?"

"अगं, तो... स्वतःहून गेला."

"असा कसा जाईल?"

"घोडा उधळला!"

तिने गेम बंद केला, तो पुन्हा उघडलाच नाही. रविवारी सुनील आला, तर त्याला बघून रडायलाच लागली.

"काय झालं, दाजी?"

"तू मेलास," मी म्हणालो. "कोणाचं न ऐकता पुढं गेलास."

बायको भावावर उखडली. "लहानपणापासून असाच आहेस, सुन्या! जरा म्हणून दम धरवत नाही!"

आणि सुनीलला ते पटलं! "सॉरी गं सई, चुकलं माझं." तेव्हापासून प्रायश्चित्त म्हणून दर रविवारी तो मटण आणतो, स्वतः रांधतो. चार महिने मी खातोय. घास उतरत नाही. (दोनदा वाढून घेतो, पण उतरत नाही.)

शेवटी एका रविवारी सईला सगळं सांगून टाकलं.

"माहितीये," ती म्हणाली. "त्याच दिवशी वाचलं. 'मामा मेला' त्याखाली गेमने लिहिलं होतं, 'सरदाराच्या हुकुमावरून'. तुम्ही कधी सांगताय तेच बघत होते."

माझे डोळे भरून आले. "माफ केलंस?"

"केलं. आता मामाला सांगा."

तेवढ्यात स्वयंपाकघरातून हाक आली, "दाजी, नळ्या तुमच्यासाठी बाजूला काढल्यात!"

"सांगतो," मी सईला म्हणालो. "आधी जेवून घेऊ."

त्याला आता तीन रविवार झाले.