नाव घातलेलं पातेलं

गयाआत्या गेल्याचा फोन नांदेडला आला तेव्हा मी सवयीप्रमाणे आधी कागद घेतला. रजेचा अर्ज, दूधवाल्याला निरोप, पांढरी साडी, लातूरची पहिली गाडी... यादी पूर्ण झाली आणि मग लक्षात आलं की आपल्याला अजून रडू आलेलं नाही. ते लातूरजवळच्या मुरुडला, आमच्या गावी पोहोचल्यावर आलं. तिच्या पत्र्याच्या खोलीत भिंतीशी उपडी घातलेली पितळी पातेली दिसली आणि मी दारातच बसले. पण त्या रडण्यात दुःखापेक्षा लाज जास्त होती. आज महिना उलटून गेला, तरी ती कमी झालेली नाही.

गयाआत्या रक्ताच्या नात्यातली नव्हे. मुरुडच्या आमच्या बौद्ध वस्तीत तिचं घर आमच्या घराला लागून होतं, एवढंच नातं. वस्तीत लग्न निघालं की मोठ्या भांड्यांची पंचाईत व्हायची. गावात मागायला गेलं की ‘दुसरीकडं दिलीत’ असं उत्तर ठरलेलं. मग भात तेलाच्या डब्यांत शिजायचा, खाली करपलेला आणि वर कच्चा. आत्याच्या डोक्यात भांडी भाड्यानं देण्याचा धंदा आला तो यातून. भांडवल मात्र नव्हतं. लातूर तेव्हा नुकताच वेगळा जिल्हा झाला होता आणि नव्या कचेरीत मला नोकरी लागली होती. वस्तीतली पहिलीच नोकरदार मुलगी मी. त्यातच पावसानं पाठ फिरवली. लोक घरातलं पितळ मोडीत घालून ज्वारी आणायला लागले, तेव्हा आत्या दारोदार उभी राहिली.

“मोडीत घालू नगा. त्याची ज्वारी आठ दिसांत संपंल. माझ्याकडं ठिवा. भांडं तुमचं, नाव तुमचं, भाड्यात वाटा तुमचा.”

“आन् दुष्काळात लगीन कोण करायलंय गं गये?” कुणीतरी टोमणा मारला.

“लगीन न्हाई, पर तहान तर हाय की!”

खरंच, पहिलं भाडं आलं ते रोजगार हमीच्या रस्त्यावर मजुरांचं पाणी साठवायला नेलेल्या पातेल्यांचं. प्रत्येक भांड्याच्या काठावर देणाऱ्याचं नाव ठिपक्या-ठिपक्यांनी घातलेलं. लग्नात आहेर दिल्यावर घालतात तसं.

धंदा वाढवायचा तर कर्ज हवं होतं. अर्ज मी भरला, आत्याला बँकेत मी नेलं. साहेबांनी नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, “गावातले लोक नेतील का ही भांडी? नावं वाचून?” मग आवाज उतरवून म्हणाले, “नावं तेवढी काढून टाका. मग बघू.” मला ते पटलं. बस स्टँडवर मी आत्याला मुद्दे सांगितले: एक, भांडी तीच राहतात. दोन, गिऱ्हाईक वाढतं. तीन, कर्ज मिळतं.

“झाली का तुझी यादी?” आत्या म्हणाली. “आता चौथं सांग. पोटाला चिमटा घेऊन ज्यांनी भांडं दिलं, त्यांना काय सांगू? तुमच्या नावाचा इटाळ हुतोय म्हनून खरवडलं?” मी अर्जाची घडी घालत राहिले. तीच पुढं म्हणाली, “आन् खरवडलं की पितळ पातळ हुतंय. मग तिथंच चिरतंय.”

कर्ज मिळालं नाही. आत्या पुन्हा दारोदार फिरली, पार लोहा गावच्या सोयऱ्यांपर्यंत जाऊन आली. एक-एक भांडं वाढत गेलं. माझ्याकडेही आली. “तुला पगार हाय. एक पातेलं घालतीस का?” मी म्हणाले, पुढच्या महिन्यात बघू. लातुरात खोली घेताना मी आडनाव पुटपुटत सांगितलं होतं. ते पितळेवर घालून मांडवात ठेवायचं माझ्याच्यानं होईना. पुढचा महिना आलाच नाही. माझी नांदेडला बदली झाली.

काही वर्षांनी चुलतभावाच्या लग्नात भाताच्या पातेल्यावर मला माझं नाव दिसलं. पूर्ण, आडनावासकट. मी आत्याला बाजूला घेतलं.

“हे कुणी दिलं?”

“म्या घेतलं.”

“मग माझं नाव कशाला?”

“समद्या घरांची नावं हायती. तुझंच न्हाई म्हणल्यावर लोक इचारायलेत. कुणाकुणाला सांगू, पोरीला लाज वाटती म्हनून?”

मी पर्स उघडली. ती हसली. “ऱ्हाऊ दे. भाड्यात कवाच फिटलं. तुझा वाटा तुझ्या आईला देतेय की दर साली.”

म्हणजे आईलाही माहीत होतं...

पुढं गावातले लोकही भांडी नेऊ लागले. नावं वाचायचे, पण न्यायचे. आता आत्याची सून मंगल सगळं बघते. आत्याच्या पुण्यानुमोदनाला, तिच्यामागं घातलेल्या जेवणाला, तीच पातेली चुलीवर चढली. बुद्धवंदना झाली, पंगत बसली आणि वाढणारा म्हणाला, “घ्या की ताई, तुमच्याच पातेल्यातली भाजी हाय.” मी ताट पुढं केलं. दुसरं काय करणार होते?

जेवणं उरकल्यावर मंगलला म्हणाले, “यावरचं माझं नाव काढ. आत्याचं घाल. भांडं तिचं होतं.”

“त्यांचं नाव एकाबी भांड्यावर न्हाई, ताई. त्यांनीच घालू दिलं न्हाई.” मंगलनं पातेलं माझ्याकडं सरकवलं. “आन् खरवडलं की पातळ हुतंय. तुम्हाला तर माहीत असंल.”

मी पदर खोचला आणि ते पातेलं घासायला बसले. चिंच लावली, राख लावली, काठावरून जोर लावून हात फिरवला. पितळ हळूहळू उजळत गेलं, आणि ठिपके आणखीच स्पष्ट दिसू लागले.