यादीत नसलेली सात घरं

चीज परत मागवायचं ठरलं त्या दिवशी साहेबांनी सकाळपासून मुंबईच्या दुकानांना फोन लावले. एकेक दुकानाचं नाव घ्यायचे आणि विचारायचे, किती उरलंय, किती विकलं, ज्यांनी नेलं त्यांचे नंबर आहेत का. आम्ही तिघी बायका दारात हात पुसत उभ्या होतो. तपासणीचा कागद आला होता आणि आमच्या चीजमध्ये जंतू सापडला होता. हा जंतू थंडीत मरत नाही, उलट वाढतो, असं साहेब फोनवर सांगत होते. शेवटचा फोन झाल्यावर त्यांनी यादीवर खूण केली आणि म्हणाले, "झालं. सगळं परत येतंय."

सगळं कुठे? आमच्या घरात गेलेलं राहिलंच होतं.

हा कारखाना कशेळ्याच्या पुढे, रस्ता सोडून आत आहे. मुंबईच्या एका बाईंनी काढला, चालवायचे साहेब. शेजारीच त्यांचा गोठा आहे. तिथलं दूध न तापवता चीज करायचं. पहिल्या दिवशी साहेबांनी हे सांगितलं तेव्हा मला वाटलं चेष्टा करतायत. आमच्याकडे न तापवलेलं दूध फक्त वासरू पितं. तापवलं की चव मरते, असं ते म्हणाले. शिकलेल्या माणसाला ठाऊक असेल, असं धरून मी कामाला लागले.

चीजची मोठी गोल चाकं व्हायची. ती सारखी दिसावीत म्हणून आम्ही कडा कापायचो, आणि शनिवारी त्या कडा आम्हाला घरी न्यायला मिळायच्या. मी माझ्या वाट्याच्या वाडीत वाटायचे. माझं धरून सात घरांत जायच्या. वास उग्र, म्हणून बाकीच्या घरांत त्या तव्यावर लसूण-मिरचीत चांगल्या खरपूस परतून खायचे. माझ्या सुनेला मात्र सातव्या महिन्यात डोहाळे लागले ते कच्च्या कडांचेच. भाकरीबरोबर तशाच खायची. माझा मुलगा खालापूरकडे कंपनीत आहे, तो तिकडेच राहतो आणि शनिवारी घरी येतो.

"आई, शनिवार कवा हाय?" ती बुधवारपासून विचारायला लागायची.

"नवऱ्यासाठी इचारतेस का कडांसाठी?"

"नवरा नाय आला तरी चालंल."

परत मागवायचं ठरलं त्या सकाळी मी कामावर निघाले तेव्हा तिचं अंग गरम होतं. उन्हाचं असेल म्हणून मी निघून आले होते. आता दारात उभ्या उभ्या मला तिचं ताट दिसायला लागलं.

मी साहेबांना विचारलं, "साहेब, आमच्या घरी कडा गेल्यात, त्यांचं काय?"

"मावशी, त्या काय विकल्यात का? त्यांची कुठे नोंद नाही. आणि गावात बोंब मारू नका. उगाच कारखान्याचं नाव जाईल."

माझ्या बाजूची म्हणाली, "म्हंजे माणसं मुंबईतच राहत्यात. आमी काय, वासरं."

साहेब हसले. मला हसू आलं नाही.

संध्याकाळी मी बादली घेऊन वाडीत फिरले. आयुष्यात मला कुठलं काम जड गेलं असेल तर ते हे. आमच्यात दिलेलं अन्न परत मागत नाहीत. शेजारणीची वाटीसुद्धा रिकामी परत करत नाहीत, आणि मी दिलेलं काढून घ्यायला निघाले होते. कोपऱ्यावरची म्हातारी ओट्यावरूनच ओरडली, "आनि पोटात गेलं ते गं? ते पन काढून नेतेस काय?"

"ते ऱ्हाऊ दे तुला, म्हातारे. पन ताप आला तर मला हाक मार."

"तू कवापासून दागतर झालीस?"

पण तिने डबा दिला. सगळ्यांनी दिलं. माझ्या घरासकट सातही घरांचं गोळा झालं तेव्हा बादली अर्धी भरली होती.

सकाळी सुनेचा ताप चढला. अंग ठणकत होतं, आणि बाळ कालपासून कमी हलतंय असं तिने सांगितलं. शेजारणीला बरोबर घेऊन मी तिला जीपने कर्जतला नेलं. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंना मी कारखान्याचं सगळं सांगितलं. त्या एकदम सरळ बसल्या.

"जंतूचं नाव काय?"

मला नाव येत नव्हतं. कागद मी लांबूनच पाहिला होता.

"रक्त तपासायला पाठवते, पण उत्तर यायला दिवस लागतील. तो कागद मला दाखवा. अशा वेळी काही जंतू बाळापर्यंत जातात. नाव कळलं तर नेमकं औषध आत्ता सुरू करता येईल."

मी साहेबांना फोन केला. "कागद ऑफिसचा आहे, बाहेर देता येत नाही," म्हणाले आणि फोन ठेवला. मी शेजारणीला सुनेजवळ बसवलं आणि परत जीप धरली. आधी घरी गेले, बादली उचलली, मग कारखान्यात गेले.

मालकीणबाई मुंबईहून आल्या होत्या. टेबलावर तो कागद आणि दुकानांची यादी होती. मी बादली टेबलावर ठेवली. वास सुटला.

"हे काय?" बाईंनी विचारलं.

"हे पन परत घ्या. आमच्या वाडीतलं हाय. आनि तो कागद मला द्या. माझी सून दवाखान्यात हाय, सात महिन्यांची."

साहेब उठून माझ्याजवळ आले आणि हळू आवाजात बोलले. "मावशी, कागद बाहेर गेला की चौकशी होणार. मग ते पोतं कोणी टांगलं तेही निघेल. तुमचंच काम जाईल."

ते पोतं मीच टांगलं होतं. चीजच्या खोलीतलं थंडाव्याचं मशीन चार दिवस बंद पडलं होतं. दुरुस्तीचा माणूस येत नव्हता आणि साहेब म्हणाले, काहीतरी करा. आमच्या घरी माठाला ओलं फडकं गुंडाळतात. मी गोठ्यातलं पेंडीचं पोतं घेतलं, ओढ्यावर धुतलं, भिजवलं आणि खिडकीत टांगलं. खोली गार झाली. साहेबांनी शाबासकी दिली. त्या पोत्याचं पाणी खालच्या फळीवर ठिबकत होतं, तिथे चाकं होती. मी रोज ते फडक्याने पुसायचे आणि त्याच फडक्याने चाकंही पुसायचे. कागद आला तेव्हापासून माझ्या डोळ्यांपुढून ते पोतं हलत नव्हतं.

माझा आवाज मोठा निघाला. मला स्वतःलाच तो ओळखू आला नाही.

"निघू दे की! पोतं मी टांगलं, गोठ्यातलं. माझं नाव लिवा. मशीन चार दिवस बंद होतं ते पन लिवा, आनि तुमी मला शाबास म्हनलात ते पन लिवा. काम जाऊ दे. कागद घेतल्याबिगर मी इथनं हलनार नाय."

"मशीन बंद होतं?" बाईंनी साहेबांकडे पाहिलं. "मला कोणी सांगितलं नाही."

बाईंनी कागद माझ्यापुढे सरकवला. मी घेतला, पण निघाले नाही.

"त्या यादीत आमची वाडी नाय."

"काय लिहू?"

"मी लिवते."

चौथीनंतर मी दुसऱ्या कुणासमोर कधी काही लिहिलं नव्हतं. दुकानांच्या छापील नावांखाली मी लिहिलं: वाडी. सात घरं. एक सात महिन्यांची. ओळ वाकडी गेली. बाईंनी यादीचा फोटो काढून घेतला, मग तीही माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, "माझी गाडी घेऊन जा." मी बसले. मिंधेपणा वाटला नाही. गाडी त्यांनी द्यायलाच हवी होती.

डॉक्टरीणबाईंनी कागद वाचला आणि नर्सला हाक मारली. सलाइनमधून औषध सुरू झालं. यादी वाचताना त्या शेवटच्या ओळीवर थांबल्या. "बाकीच्या सहा घरांत कोणी गरोदर, कोणी फार म्हातारं?" मी कोपऱ्यावरच्या म्हातारीचं सांगितलं. दुसऱ्या दिवशी तिलाही आणून तपासलं. तिला काही झालं नव्हतं. दवाखानाभर ती माझ्या नावाने बडबडत होती.

त्यानंतर कारखाना काही दिवस बंद होता, तो पुढे सुरू झाला. तिथे आता दूध तापवतात असं ऐकते. मला बोलावणं आलं, तेव्हा मी विचारलं की कडा कुठे जातात ते लिहिणार का. लिहितो म्हणाले. अजून मी गेलेली नाही. आधी लिहिलेलं बघेन.

दवाखान्यातल्या तिसऱ्या दिवशीच सुनेचा ताप उतरला होता. मशीनवर बाळाचे ठोके ऐकवले, पळत सुटल्यासारखे. सून उशीला टेकून बसली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "आई, आज शनिवार ना?"

"हाय. आनि आज काय बी मिळायचं नाय. दूध आनलंय. तीन उकळ्या काढल्यात, सगळी साय तुझी."

तिने तोंड वाकडं केलं. मी पेला धरूनच उभी राहिले, तिने तळ दाखवेपर्यंत.