आधी वरची गल्ली

काकू नवी सून म्हणून आल्या त्याच महिन्यात त्यांनी स्वयंपाकघराच्या दाराआडून ते भांडण ऐकलं. सासरे वस्तीला पाणी सोडायचे. त्यांचा मेहुणा तावातावाने म्हणत होता, "घरात पाहुणे आहेत, भावोजी. एक दिवस आमची खालची गल्ली आधी सोडली तर तुमचं काय जातं?"

"माझं काही जात नाही. वरच्यांचं पाणी जातं."

मेहुणा तणतणत उठला, वर्षभर फिरकला नाही. भाऊ दुखावल्याचा राग सासूबाईंनी भाजीच्या मिठात काढला.

वस्ती उतारावर आहे. टाकी भरलेली असते तेव्हा आधी वरच्या गल्लीची चावी फिरवायची, मग खालची. उलट केलं तर वरच्या नळांतून नुसती हवा फुसफुसते. सासऱ्यांमागे नवऱ्याने आणि नवऱ्यामागे काकूंनी हाच क्रम ठेवला.

जुनी पाणी समिती मात्र नुसती कुजकी. पाइप फुटला तरी "बघू, अर्ज द्या." लोक विटले होते. म्हणून गॅरेजवाला दादा "मी कोणी पुढारी नाही, मी म्हणजे तुम्हीच" असं म्हणत उभा राहिला, तेव्हा काकूंनीही हात वर केला. खोटं कशाला बोला, पंप त्याने आठवड्यात दुरुस्त करून दिला.

मग स्वारी डोक्यावर बसली. वरच्या गल्लीने त्याला मत दिलं नव्हतं. एका सभेत म्हणाला, "खाली माणसं जास्त. तर पाणी आधी खाली. करा हात वर."

हातांचं रान उगवलं. वरच्या गल्लीतली शिंपीण बोलायला उठली, तर दादाने तिला दटावून बसवलं. लोकांनी ठरवल्यावर मध्ये बोलणारी ही कोण?

काकूंच्या अंगाचा तिळपापड झाला. "ही कोण म्हणजे? ही लोकांत मोडत नाही? कपडे वाळत घालायची काठी आहे का ही?"

दादा हसला. "काकू, लोकांपेक्षा तुमची चावी मोठी का?"

"चावी मोठी नाही, आणि तूही नाहीस. तुला पंप बघायला बसवला, कोणी तहानलेलं राहायचं ते ठरवायला नाही. जुने निदान खुर्चीत झोपा काढायचे, कोणाचा घसा तरी कोरडा पाडत नव्हते."

लोक खदखदून हसले. हात मात्र एकाचाही खाली आला नाही, तेच काकूंना झोंबलं. ज्यांच्या बाळंतपणात त्या रात्री-अपरात्री धावल्या, त्या बायकाही नजर चुकवून हात वर धरून बसलेल्या. खालच्याच गल्लीतली त्यांची शेजारीण कुजबुजली, "आपल्याला मिळतंय ना, मग गप्प बसा." तिच्या कानाखाली एक वाजवावी असं काकूंना वाटलं.

चावी परवापासून दादाच्या माणसाकडे जायची ठरली. "परवापासून ना?" काकू म्हणाल्या. "मग उद्याची पाळी माझी."

उजाडताच त्या निघाल्या. दादा दारात दात घासत उभा होता.

"आधी खाली हं, काकू."

"ते उद्या तुझा माणूस सोडेल."

त्यांनी वर जाऊन चावी फिरवली. शिंपिणीच्या पिंपात धार पडू लागली.

"काकू, उद्यापासून आम्ही काय करायचं?"

"भांडायचं. बसवलं की परत उठायचं. आज मात्र पातेली, वाट्या, सगळं भरून ठेव."

वरची पिंपं भरली तशी त्यांनी ती चावी बंद केली आणि खाली उतरून दुसरी सोडली. घराकडे वळतात तोच दादाची बायको बादली घेऊन दारात आली.

"काकू, आमच्याकडे धार बारीक येतेय हो."

काकू मागे फिरल्या. पुन्हा चावीपाशी गेल्या, गुडघ्यावर हात टेकून वाकल्या आणि तिला आणखी अर्धा फेरा दिला.