मंगलाकाकूंच्या फोनमध्ये नसलेला आवाज

आधीच सांगून ठेवतो, या असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नाही. आमच्या गावात गणपतीच्या नाटकात भूत असलं की पडद्यामागून आवाज काढायला मलाच बसवायचे... त्यामुळे भूत म्हटलं की मला माझाच बसलेला घसा आठवतो.

नकला करणं हा माझा जुना धंदा, फुकटातला. पोटाचा धंदा इथे जबलपूरला, सदर बाजारात, मोबाईलच्या दुकानात. दिवसभर "भैया, थोड़ा कम करो" ऐकायचं आणि संध्याकाळी ऑटोने चेरीतालला तालमीला जायचं. इथल्या मराठी लोकांचं हौशी नाटक आहे. त्यात मी रिटायर झालेला बाप, आणि माझी बायको मंगलाकाकू — माझ्या आईपेक्षा मोठ्या.

आमच्या दिग्दर्शक शैलाताई पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "तू बाप नाही करून राहिला, कोण्या हेडमास्तरची नक्कल करून राहिला."

"आमचा बापच हेडमास्तर होता ताई, छडी घेऊन."

"छडी बाहेर ठेव अन् बस."

मग त्यांनी एक पद्धत शिकवली. प्रत्येक वाक्याआधी त्या माणसाच्या मनात जे चाललंय ते मोठ्यानं बोलायचं, सुचेल ते. मग स्क्रिप्टमधलं वाक्य. म्हणजे वाक्याच्या खाली काय दडलंय ते सापडतं म्हणे.

त्या दिवशी मी इतका थकलो होतो की नक्कल करायचीही ताकद नव्हती. काकूंसमोर खुर्चीत बसलो. माझं वाक्य होतं, "तू जेवून घे." त्याआधी मनातलं बोलायचं... मी डोळे मिटले, तोंड उघडलं —

"म... म... मालू, मागची खिडकी लाव. मांजर येते."

आणि मग, "तू जेवून घे."

मला वाटलं, सुचलं काहीतरी. डोळे उघडले तर काकू खुर्चीचा हात धरून बसलेल्या.

"हे कोणी सांगितलं तुला?"

"काय काकू?"

"मालू."

चहा आला तेव्हा त्या बोलल्या. काका जाऊन बरीच वर्षं झाली. ते 'म'वर अडखळायचे. "माझंच नाव घेताना अडकायचे, तरी दिवसभर घ्यायचे." 'मालू' म्हणायचे ते फक्त घरात, रोज रात्री खिडकी लावायला सांगताना; घराबाहेर मात्र कधीच नाही. आणि त्या अडखळण्यापायी कोणाला रेकॉर्ड करू द्यायचे नाहीत, मोबाईल समोर धरला की उठून जायचे.

"फोटो आहेत रे ढीगभर. आवाज नाही. अन् मी तो विसरून राहिली होती आता... आज आठवला."

आता माझ्या धंद्याचं सांगतो. नक्कल करायला माणूस आधी कानात जावा लागतो. न ऐकलेला आवाज घशात येतच नाही. मी जबलपूरला आलो त्याच्या कितीतरी आधी काका गेले होते. शैलाताईंना विचारलं, बाकीच्यांना विचारलं — 'मालू' कोणालाच माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी काकू लवकर आल्या, हातात फोन.

"एकदा म्हण ना बेटा. फक्त एकदा."

म्हटलं. पुन्हा म्हटलं. मी स्टेशनवरची अनाउन्समेंट करतो, आमचा सेठ करतो, सेठची स्कूटर पण करतो. पण हे... शब्द तेच, अडखळणंही घातलं, आणि ती निव्वळ नक्कल झाली.

काकूंनी फोन पर्समध्ये ठेवला. "चांगलं करतो तू," म्हणाल्या. "पण नाही रे."

तेव्हापासून रोज तालमीत त्या वाक्याआधी काकू डोळे मिटतात. मी जरा थांबतो. तोंड उघडतो... निघतो तो माझाच आवाज, दिवसभर दुकानात घासलेला. शैलाताई म्हणतात, "हां, आता सापडला बाप." काकू डोळे उघडतात आणि आपलं वाक्य म्हणतात.

त्या दिवशी ते कसं झालं, मला आजही माहीत नाही. शोधायचंही आता जिवावर येतं.

परवा ऑटोत काकू सहज बोलल्या की मागची खिडकी हल्ली त्या उघडीच ठेवतात.

"काहून? मांजर नाही येत?"

"येते ना," म्हणाल्या, आणि बाहेर बघत बसल्या.