पाणबुड्याचं घड्याळ आणि गिचका भात

ती घटना आजही आठवते, आणि आठवली की आधी स्वतःचंच हसू येतं. नोकरीत मोठाले गुन्हे हाताळले, पण घरी फर्माईश होते ती या घड्याळाच्या केसचीच.

कोलशेतच्या एका कोळीणबाईंनी फिर्याद दिलेली. नवरा पाणबुड्या होता. खाडीवरच्या पुलांचे पाये पाण्याखाली जाऊन तपासायचा. तो गेल्यावर त्याचं जुनं घड्याळ तेवढं उरलेलं, तेही घराला रंग देताना नाहीसं झालं. बिल नाही, फोटो नाही. "दुसरं काही नको साहेब, तेवढं आणून द्या," इतकंच त्या म्हणाल्या.

खबऱ्याची टीप आली: खोपटच्या एसटी डेपोजवळ एक जण तसलं घड्याळ विकायला फिरतोय. ताब्यात घेतला, तर रंगारीच. पण पठ्ठ्या ठाम. घड्याळ वडिलांचं, ते बोटीवर होते.

तबकडीभोवती फिरती कडी होती. ती परदेशातली वेळ बघायला असते, असं मी हवालदाराला छातीठोकपणे समजावलं. नौपाड्यातल्या एका जुन्या घड्याळजींनी माझी हुशारी उतरवली. पाण्यात उतरताना कडीवरची खूण मिनिटकाट्यासमोर आणायची, म्हणजे खाली किती वेळ झाला ते कळतं आणि हवा संपायच्या आत वर येता येतं. जुनी कडी दोन्हीकडे फिरायची. धक्क्यानं सरकली तर जिवावर बेतायचं, म्हणून पुढे एकाच बाजूला फिरणारी आली. अंधारात चमकणारे ठिपके वयानं पिवळे पडतात, आणि शौकीन त्या पिवळेपणावरच जीव टाकतात. "माणसं केस काळे करतात साहेब, घड्याळ मात्र पिकलेलं हवं," म्हणताना त्यांची नजर माझ्या रंगवलेल्या मिशीवर होती.

चौकशीत मी रंगाऱ्याला सहज विचारलं, कडी कुठे अडकते का? "नाही साहेब, एकदम मक्खन." जबाबात तसं लिहून घेतलं.

मग पंचांसमोर ओळख पंचनामा. घड्याळजींकडची तशीच घड्याळं त्यात मिसळली. बाईंनी एकाचीही तबकडी पाहिली नाही; अंगठ्यानं कड्या फिरवत गेल्या आणि एका ठिकाणी थांबल्या.

"हेच. इथं अडकतंय बघा. माझ्याच हातून पाट्यावर पडलेलं. ह्यांचं काम सुटल्यावर आम्ही भाताची वेळ यावरच लावायचो."

पंचांनी फिरवून पाहिलं. कडी तिथेच अडकली. रंगाऱ्यानं मान खाली घातली.

तेव्हापासून चोरीच्या फिर्यादीत वस्तू दिसते कशी, हे मी नंतर विचारायचो. आधी विचारायचो, तुम्ही तिचं करायचात काय?

कोर्टाच्या आदेशानं घड्याळ सुटलं, ते द्यायला मी स्वतः गेलो. बाईंनी चावी दिली, कानाला लावलं, भात चढवला आणि जेवूनच जा म्हणाल्या. खूण नेमकी काट्याच्या जरा पुढे अडकली. त्यांनी ती तशीच राहू दिली.

भात तेवढी मिनिटं जास्त शिजून गिचका झाला. मी मुकाट्यानं जेवत होतो.

"हे पण काही बोलायचे नाहीत," बाई म्हणाल्या, आणि मला आणखी वाढला.