जाळी फिक्स केली

माझा हात लवकर उठायचा. घरी, रस्त्यावर, कंपनीत, कुठेही. स्वारगेटला बसमध्ये पायावर पाय पडला म्हणून मी एका माणसाची कॉलर धरली होती. त्या काळात पुण्यात जो तो सॉफ्टवेअरमध्ये शिरून अमेरिकेला निघाला होता आणि मी हडपसरच्या एका शेडमध्ये पत्रा दाबून कापणाऱ्या प्रेस मशिनची डिझाइनं करत बसलो होतो. त्याचा राग वेगळाच.

ड्रॉइंग बोर्ड जाऊन नुकताच कॉम्प्युटर आला होता. स्क्रीनवर मशिनचे भाग जुळवायचे म्हणजे प्रत्येकाचं नातं सांगावं लागे: ही बाजू त्या बाजूला टेकलेली, ही पिन त्या भोकात. मग एक भाग हलवला की त्याला जोडलेले सगळे हलतात. कामगाराचा हात आत जाऊ नये म्हणून पुढे जी जाळी लागते, ती काही केल्या जुळेना. नुसत्या चुकीच्या लाल खुणा. "मर तिकडे!" म्हणत मी माउस आपटला, जाळी अंदाजाने ओढून जागेवर आणली आणि 'फिक्स' करून टाकली, म्हणजे होती तिथेच खिळवली. आता ती कशालाच जोडलेली नव्हती. दिसायला मात्र अगदी बरोबर.

आठवड्याने गिऱ्हाइकाने मशिनचं टेबल बारा मिलिमीटर वर घ्यायला सांगितलं. मी आकडा बदलला. सगळं वर गेलं, जाळी तिथेच राहिली. मी बघितलंसुद्धा नाही. ड्रॉइंग छापून खाली शेडमध्ये फिटरकडे पाठवलं.

फिटर विदर्भातला, माझ्याहून दहा वर्षांनी मोठा. ट्रायलच्या सकाळी मी खाली गेलो तर जाळी जमिनीवर.

"साहेब, बसून नाही राह्यली. टेबलाले अडते. ड्रॉइंग एकदा पाहता का?"

"ड्रॉइंगला काय धाड भरलीये? तुम्हाला भोकं पाडता येत नाहीत ते बोला!"

"कागदावर हाये तिथंच पाडली जी."

गिऱ्हाईक बाजूला उभं राहून चहा पीत होतं. मी सगळ्यांदेखत फिटरच्या कानाखाली वाजवली. टोपी उडाली. "जाळी राहू दे. चालव मशीन!" त्याने टोपी उचलली आणि पेडलवर पाय ठेवला.

चौथा पत्रा तिरका पडला. तो सरळ करायला त्याने हात घातला आणि पाय पेडलवरून उचलायचा राहिला. प्रेस खाली आली. अरे देवा, ती किंकाळी! हात बाहेर आला तेव्हा दोन बोटं आतच होती. रक्त टेबलावरून ओघळून माझ्या बुटांवर पडलं. गिऱ्हाईक तिथेच ओकलं.

त्याला रिक्षात घालून नेल्यावर मी वर जाऊन फाइल उघडली. मशीन फिरवून मागून पाहिलं. जाळी टेबलात रुतलेली होती, बरोब्बर बारा मिलिमीटर.

अपघाताचं कळताच कंपनीचे मालक म्हणाले होते, "ज्याची चूक, तो घरी."

मी 'फिक्स' काढलं. जाळी टेबलाला रीतसर जोडली. या वेळी पाच मिनिटंही लागली नाहीत, एकही लाल खूण नाही. सेव्ह केलं, नवीन प्रत छापली. शेडमधला कागद रक्ताने भिजला होता, तो मीच जाळला.

महिन्याने मालकांनी फिटरला बोलावलं. मी स्क्रीनवर मशीन फिरवून दाखवलं. जाळी झकास बसत होती. "मग भोकं बारा मिलिमीटर खाली पडलीच कशी?" मालकांनी विचारलं. फिटर स्क्रीनवरून माझ्याकडे वळला. मला वाटलं, आता हा माझा गळा धरणार. धरला असता तर मी हूं की चूं केलं नसतं.

"माझ्याच्यानंच चुकलं असन, साहेब," तो म्हणाला.

त्याला त्याच दिवशी काढलं. मला लाज वाटली असं सांगायला बरं वाटेल, पण तेव्हा वाटलं ते एवढंच: सुटलो बुवा. दारातून वळून त्याने मला रामराम केला. बँडेज बांधलेला हात वर गेला, तो बघून मी मान खाली घातली आणि माउस हलवत बसलो.