एल्डर तौफा

लिफ्ट बंद पडलेल्या एका दुपारी आमचा नवा फ्रिज खाली पार्किंगमध्ये अडकला होता. दुकानाची माणसं तो तिथेच टेकवून निघून गेली होती आणि मी तिसऱ्या मजल्याकडे बघत घाम पुसत होतो. तेवढ्यात पांढरा शर्ट आणि काळा टाय घातलेला एक धिप्पाड पोरगा समोर आला आणि म्हणाला, "अंकल, कुछ उठाना है?" मी हो म्हणायच्या आत फ्रिज त्याच्या पाठीवर होता. त्याच्याबरोबरचा किडकिडीत गोरा मुलगा पुढे होऊन दारं उघडत होता.

बहरीनमध्ये सनाबिसच्या आमच्या इमारतीत वरच्या मजल्यावर राहायला आलेले हे दोघे मॉर्मन पंथाचे मिशनरी होते. धर्माच्या कामासाठी दोन वर्षं घर सोडून निघालेल्या मुलांना त्यांच्यात 'एल्डर' म्हणतात, म्हणजे वडीलधारा. आमचा वडीलधारा एकोणीस वर्षांचा होता. तो तौफा, पॅसिफिक महासागरातल्या टोंगा बेटांवरचा. जोडीदार अमेरिकन. दोघांपैकी कुणीही एकट्यानं कुठे जायचं नाही, असा त्यांचा नियम. तौफाला हिंदी खालच्या कोल्ड स्टोअरच्या, म्हणजे किराणा दुकानाच्या, मल्याळी मालकानं शिकवली होती, त्यामुळे ती केरळच्या वळणानं यायची.

इथे त्यांना प्रचाराची मुभा नव्हती. कुणाचं दार वाजवायचं नाही, रस्त्यात कुणाशी देवाबद्दल बोलायचं नाही. आधीच पंथात असलेल्यांना भेटायचं, आणि कुणी आपणहून विचारलंच तर सांगायचं. "देवाबद्दल बोलता येत नाही, म्हणून सामान उचलतो," तौफा म्हणायचा. "उचलायला कुणी मफी म्हणत नाही." 'मफी' म्हणजे नाही, हा अरबी शब्द त्याला फार आवडायचा. दिवसातून किती वेळा तो ऐकावा लागायचा, ते मला पुढे कळलं.

फ्रिज चढवल्यावर माझ्या बायकोनं, स्मितानं, चहा टाकला. त्यानं हात जोडले. त्यांच्यात चहा चालत नाही, कॉफीही नाही. आम्ही देवगडचे. घरी आलेला माणूस चहाविना जातो म्हटल्यावर ती कासावीस झाली. "अहो, ह्याका च्या नको, कॉफी नको, मगे ह्याका देवचा काय?" शेवटी कोकम सरबत दिलं. ते पिताना त्याची नजर स्वयंपाकघरातल्या आमच्या खवणीवर गेली, आणि तो विचारल्याशिवाय खाली बसला. त्यांच्याकडेही नारळ असाच बसून खवतात म्हणे. नारळाची अर्धी वाटी हातात घेऊन त्यानं खोबऱ्याचा असा बारीक चव पाडला, की स्मिता बघतच राहिली. "कुणी शिकवलं?" "आजीनं," तो म्हणाला. आई फळं तोडायच्या कामाला न्यूझीलंडला गेलेली, वडील नव्हतेच. आजीनंच त्याला वाढवलं होतं.

मला सगळ्यात जास्त आठवतो तो त्याचा शेवटचा आठवडा. ऑगस्ट होता. घराबाहेर पडलं की चष्मा धुक्यानं भरायचा आणि शर्ट पाठीला चिकटायचा. सोमवारी त्यांना सुट्टी असे. कपडे धुवायचे, घरी व्हिडिओ कॉल करायचा. त्या सोमवारी जिन्यात भेटला, तेव्हा ओल्या कपड्यांची बादली हातात धरून नुसता उभा होता. "काय रे?" विचारलं, तर "कुछ नहीं अंकल," म्हणून वर गेला.

बुधवारी तो मला मुहर्रकला दिसला. मी तिथे विमानतळावर कार्गोत काम करतो. दुपारची शिफ्ट संपवून निघालो, तर एका गल्लीत भिंतीच्या अर्ध्या हात सावलीत दोघे बसलेले. त्यांच्या पंथातल्या एका फिलिपिनो मोलकरणीला भेटायला ते दर बुधवारी बसनं येत. तिला घरातून सुटता आलं तर ती खाली यायची आणि तिघं मिळून दहा मिनिटं प्रार्थना करायची. बहुतेक वेळा मेसेज यायचा, मॅडम सोडत नाही. मग आले तसे परत. त्या दिवशीही तेच झालं होतं.

मी दोघांना गाडीत घेतलं. गोरा मुलगा मागच्या सीटवर बसल्याबरोबर झोपला. समुद्रावरचा पूल ओलांडताना तौफा म्हणाला, "आजीची किडनी गेली. डॉक्टरांनी घरी पाठवलंय."

"मग तू जाणार ना?"

"आजी म्हणते येऊ नको. देवाचं काम पुरं कर, आपण वर भेटू. आमचे वरिष्ठ म्हणतात, तुझं तू ठरव. सगळेच म्हणतात, तुझं तू ठरव. अंकल, एवढं जड मी अजून काही उचललेलं नाही."

सिग्नलला गाडी थांबली. तो बाहेर बघत बोलत होता. "मी रोज सकाळी साडेसहाला उठतो. इस्त्री करतो. बसनं जातो, वाट बघतो, परत येतो. रात्री हिशेब करतो, आज माझा कुणाला उपयोग झाला? नाही झाला. आता मला घरी जावंसं वाटतंय. पण आजीसाठी जातोय, की इथून पळतोय, ते मला कळत नाही."

आखातात पंचवीस वर्षं काढलेल्या माणसाला तो प्रश्न परका नव्हता. मी एसी त्याच्याकडे वळवला.

घरी आल्यावर मी स्मिताला सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिनंच दोघांना जेवायला खाली बोलावलं. तौफानं भाताला हात लावला नाही, तेव्हा ती समोर बसली आणि आपल्या मोडक्यातोडक्या हिंदीत म्हणाली, "आजीसाठी जा, आणि दमलास म्हणूनही जा. दमलेल्या माणसानं घरी जाऊ नये, असं तुमच्या धर्मात आहे का?"

"नाही, आंटी."

"वर भेटाल तेव्हा भेटाल. पण आता तिच्या तोंडात पाणी कोण घालणार? आमच्याकडे ते आपल्या माणसाच्या हातचं लागतं."

तो टाय मुठीत धरून रडला. एवढा मोठा देह, पण रडणं अगदी बारीक आवाजाचं. गोऱ्या मुलानं त्याच्या पाठीवर हात ठेवला, आणि मग ताटातलं सगळं संपवलं, आंटीला वाईट वाटू नये म्हणून.

इथे त्यांची उपासना शुक्रवारी असते, एका भाड्याच्या व्हिलात. उन्हात बसची वाट बघायला नको म्हणून मी त्यांना सोडायला गेलो आणि मागच्या खुर्चीवर बसलो. तौफाला बोलायला उभं केलं. तो म्हणाला, "माझी आजी आजारी आहे. मी दमलो आहे. मी घरी जातो. इथे माझ्या हातून काही झालं नाही, त्याबद्दल क्षमा करा." आणि खाली बसला.

प्रार्थना संपल्यावर एक ठेंगणी बाई त्याच्यापाशी आली. मुहर्रकची मोलकरीण ती हीच. त्या दिवशी कशी कोण जाणे, सुटून आली होती. "एल्डर," ती म्हणाली, "स्वयंपाकघराच्या खिडकीतून तुम्ही मला दिसायचात. खाली येता यायचं नाही. पण कुणीतरी माझ्यासाठी उन्हात बसलंय, एवढ्यावर माझा बुधवार जायचा." तौफानं तिचा हात दोन्ही हातांत धरला आणि नुसती मान हलवत राहिला.

शनिवारी मीच त्याला विमानात बसवलं. तीन विमानं बदलून जायचं होतं.

महिन्याभरानं त्याचा फोन आला. स्मितानं स्पीकर लावला. मागे कोंबड्यांचा कलकलाट चालला होता.

"भेटली का रे आजी?"

"भेटली, आंटी. शुद्धीवर होती. आधी रागावली, देवाचं काम अर्धं टाकून आलास म्हणून. मग म्हणाली, तोंड कोरडं पडलंय. मी पाणी दिलं. नंतर आठवडाभर रोज मीच देत होतो. मग गेली."

आता पुढे काय, असं मी विचारलं. आजीच्या घराचं छप्पर शाकारायचं, आणि मग राहिलेली मुदत तिथल्याच एका बेटावर पुरी करायची, असं ठरलं होतं. बहरीनला तो परत येणार नव्हता. "तिथे सगळ्यांची दारं उघडीच असतात," तो म्हणाला. आवाज अजून थकलेलाच होता.

फोन ठेवल्यावर स्मिता उठली आणि न्हाणीघरात गेली. नात्यातलं कुणी गेल्याची बातमी दुरून आली, की आमच्याकडे डोक्यावरून आंघोळ करतात. त्या दिवसांत इथे नळाला उन्हानं तापलेलं कढत पाणी येतं, पण तिनं ते निवू दिलं नाही. तांब्यातून पाणी ओतल्याचा आवाज ऐकला, तसा मी माझा टॉवेल घेऊन दाराशी जाऊन उभा राहिलो.